एकास बारा की एकास सहा? सुपरहिरो फिगर्सचं स्केल ठरवताना

सुपरहिरोंच्या फिगर्स (हात-पाय वळवता येणाऱ्या छोट्या प्रतिकृती) जमवायला नुकती सुरुवात केलेला माणूस हमखास एक चूक करतो: दिसली, आवडली, उचलली. एक सहा इंची, एक सात इंची, मध्येच एखादी बारा इंची. सुटी सुटी प्रत्येक फिगर देखणी असते. एका फळीवर उभ्या केल्या की कॅप्टन अमेरिका बॅटमॅनच्या हनुवटीला लागतो आणि तिसऱ्यासमोर दोघंही किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखे दिसतात. मग निम्मा संग्रह विकायचा आणि पुन्हा श्रीगणेशा करायचा. ते टाळायचं असेल तर आधी स्केल, मग फिगर. आणि स्केल ठरवताना आवडत्या हिरोकडे बघायचं नाही. बघायचं ते घरातल्या फळीकडे आणि आपल्या यादीतल्या सर्वात उंच पात्राकडे.

इंच वेगळे, स्केल वेगळं

१:१२, म्हणजे ‘एकास बारा’, म्हणजे खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याएवढी फिगर. सहा फुटी, म्हणजे १८३ सेमी उंचीचा हिरो धरला तर हिशेब असा होतो:

१:१८ मध्ये १०.२ सेमी. बाजारात याला ३.७५ इंची किंवा ४ इंची म्हणतात.
१:१२ मध्ये १५.३ सेमी, म्हणजे ६ इंची.
१:१० मध्ये १८.३ सेमी, म्हणजे ७ इंची.
१:६ मध्ये ३०.५ सेमी, म्हणजे १२ इंची.
१:४ मध्ये ४५.८ सेमी, म्हणजे १८ इंची.

खोक्यावरचं ‘६ इंची’ हे वर्गाचं नाव आहे, मोजमाप नव्हे. कॉमिक्समधला वुल्व्हरिन ५ फूट ३ इंचांचा, म्हणजे १६० सेमी. १:१२ मध्ये तो १३.३ सेमी भरायला हवा. पण कंपन्या शरीराचा एकच साचा अनेक पात्रांना वापरतात, त्यामुळे बुटका वुल्व्हरिन कधी कधी उंच सायक्लॉप्सच्या बरोबरीने उभा राहतो. उलट बाजूने, बंदाईच्या एस. एच. फिग्वार्ट्समधल्या बऱ्याच फिगर्स १५ सेमीच्या आतबाहेर असतात, तर हॅस्ब्रोच्या मार्व्हल लीजेंड्समधला सरासरी पुरुष १६ सेमीच्या आसपास. दोन्ही ‘सहा इंची’च, पण शेजारी ठेवल्या की पहिली किडकिडीत वाटते.

मग किती फरक चालतो? १:१२ मध्ये ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे प्रत्यक्षात ६ सेमी. माणसामाणसात एवढा फरक असतोच, डोळ्याला खटकत नाही. १० मिमी म्हणजे १२ सेमी, आणि तो दिसतो. कॉमिक्समध्ये सुपरमॅन बॅटमॅनपेक्षा जेमतेम एक इंच उंच आहे. तेवढ्यासाठी १:१२ मध्ये २ मिमी पुरतात, तेव्हा त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. उंचीपेक्षा डोक्याचा आकार जास्त फसवतो. दोन फिगर्स उंचीला सारख्या असल्या तरी एकीचं डोकं सुपारीएवढं आणि दुसरीचं आवळ्याएवढं असेल तर जोडी जमत नाही.

मोजताना टाचेपासून डोळ्यांपर्यंत मोजा. बॅटमॅनचे कान, लोकीची शिंगं, थॉरच्या शिरस्त्राणावरचे पंख हे सगळं धरून कंपनी उंची छापते. काही ठिकाणी तर खालच्या स्टँडसकट आकडा असतो.

पहिली पायरी: यादी करा, दोन टोकं शोधा

कागदावर पंधरा पात्रांची नावं लिहा. ‘मिळाली तर घेऊ’ अशी नव्हे, ज्यांच्याशिवाय संग्रह अपुरा वाटेल अशी. मग त्यातलं सर्वात उंच आणि सर्वात बुटकं पात्र अधोरेखित करा. मधली तेरा कुठल्याही स्केलमध्ये बसतात, अडचण टोकांना येते.

आठ फुटी हल्क १:१८ मध्ये १३.५ सेमी, १:१२ मध्ये २०.३ सेमी आणि १:६ मध्ये ४०.६ सेमी. इथवर ठीक. आता गॅलॅक्टस घ्या. मार्व्हलच्या अधिकृत हँडबुकानुसार त्याची उंची २८ फूट ९ इंच, म्हणजे ८७६ सेमी. १:१८ मध्ये तो ४८.७ सेमी, कपाटाच्या माथ्यावर मावेल. १:१२ मध्ये ७३ सेमी, म्हणजे मधली फळी काढावी लागेल. १:६ मध्ये १४६ सेमी, म्हणजे सातवीतल्या मुलाएवढा. त्याला कपाट नको, खोली हवी. हॅस्ब्रोने २०२० मध्ये सेंटिनेल (एक्स-मेनचा शत्रू असलेला महाकाय रोबो) आणि २०२१ मध्ये गॅलॅक्टस हे सहा इंची फिगर्सच्या जोडीला म्हणून आगाऊ नोंदणीवर काढले. सेंटिनेल साधारण ६७ सेमी आणि गॅलॅक्टस साधारण ८१ सेमी. हे दोघं यादीत असतील तर त्यांची जागा पहिल्या दिवशीच राखून ठेवा.

यादीत राक्षस नसतील आणि सगळी माणसाएवढी पात्रं असतील (बॅटमॅन, रॉबिन, डेअरडेव्हिल, ब्लॅक विडो) तर मोठं स्केल परवडतं. यादी एक्स-मेनसारख्या भल्यामोठ्या पथकाची असेल तर लहान स्केलकडे या.

दुसरी पायरी: फळी मोजा, पुठ्ठा कापा

फळीची आतली रुंदी, खोली आणि वरच्या फळीपर्यंतची मोकळी उंची मोजा. समजा रुंदी ८० सेमी आणि खोली २८ सेमी आहे.

१:१२ फिगर हात जरा बाजूला घेऊन उभी केली की सुमारे ९ सेमी रुंदी खाते. एका ओळीत आठ-नऊ, आणि पायऱ्यांचा स्टँड वापरून तीन ओळी केल्या की पंचवीसच्या आसपास. मोकळी उंची २५ सेमी तरी हवी, कारण मागची ओळ वर चढते आणि कुणीतरी हात उंचावलेला असतोच. १:१८ ला ६ सेमी रुंदी पुरते. चार ओळींत पन्नासच्या वर मावतात आणि २० सेमी उंची भागते. १:६ चं गणित निराळं. एकीला २० सेमी रुंदी, म्हणजे त्याच फळीवर चार फिगर्स. स्टँडचे दोन-तीन सेमी आणि उंचावलेला हात धरून ४० सेमी उंची लागते. पुस्तकांच्या बऱ्याच कपाटांत दोन फळ्यांमध्ये एवढं अंतर नसतं, आणि हे फिगर घरी आल्यावर कळतं.

आकडे पटले तरी डोळ्याला पटायला हवं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा: १०, १५, १८ आणि ३० सेमी उंच, खांद्यांची रुंदी उंचीच्या साधारण एकतृतीयांश. मागे टेकू लावून फळीवर उभ्या करा आणि आठवडाभर तशाच राहू द्या. नेहमीच्या खुर्चीवरून बघा. तीन मीटरवरून १० सेमीच्या पट्टीचा चेहरा कुठे आहे हेही सांगता येणार नाही. ३० सेमीची पट्टी खोलीत शिरल्याबरोबर नजरेत भरते. फळी डोळ्यांच्या पातळीला असेल आणि तुम्ही जवळ जाऊन बघणारे असाल तर लहान स्केलचा तोटा उरत नाही. पलंगावरून बघायचं असेल तर उरतो.

तिसरी पायरी: त्या स्केलमध्ये काय मिळतं ते बघा

१:१२ हे सुपरहिरोंच्या बाबतीत आज मुख्य मैदान आहे. मार्व्हल लीजेंड्स टॉय बिझने २००२ मध्ये सुरू केलं, २००७ पासून ते हॅस्ब्रोकडे आहे. दोन दशकांहून जास्त काळ एकाच मापात फिगर्स येत राहिल्यामुळे अगदी किरकोळ खलनायकही इथे सापडतात. शिवाय काही संचांत ‘बिल्ड अ फिगर’ असतं: प्रत्येक खोक्यात एका मोठ्या पात्राचा हात, पाय किंवा धड, सगळे खोके घेतले की तो उभा राहतो. लालूच चांगली आहे, पण एका हातासाठी नको असलेली फिगर घेण्याआधी तो सुटा भाग सेकंडहँड मिळतो का ते बघा. बहुतेक वेळा मिळतो.

याच वर्गात वरच्या पायरीवर मेडिकॉमचं माफेक्स, बंदाईचं फिग्वार्ट्स आणि मेझ्कोचं वन:ट्वेल्व्ह कलेक्टिव्ह आहेत. माफेक्सची सांध्यांची रचना बारीक आणि उंची १६ सेमीच्या आसपास, त्यामुळे लीजेंड्समध्ये ती बेमालूम मिसळते. मेझ्कोच्या फिगर्सना खऱ्या कापडाचे पोशाख असतात. पण सुटे हात आणि डोकी एका कंपनीची दुसरीला बसतील असं धरून चालू नका. खुंटीची जाडी वेगळी असते आणि जबरदस्तीने खोचली की मनगट तडकतं.

१:१० म्हणजे सात इंची वर्गात डीसीच्या (सुपरमॅन, बॅटमॅनच्या कॉमिक्स विश्वातल्या) पात्रांसाठी २०२० पासून मॅकफार्लेन टॉइजने प्रचंड माल काढला. डीसीवाल्यांना म्हणूनच हे स्केल सोयीचं. मार्व्हलवाल्यांना सोयीचं नाही, कारण सात इंचांत मार्व्हलची पात्रं त्या मानाने तुरळक आहेत. दोन्ही विश्वं हवी असतील तर सरळ दोन फळ्या करा: एक सहाची, एक सातची. एकाच फळीवर मांडायचा हट्ट असेल तर सात इंची मागे ठेवू नका. मागे ठेवलेली मोठी फिगर आणखी अवाढव्य दिसते. उलट ती पुढे, खालच्या पायरीवर आणि गुडघ्यात वाकवून बसवा.

१:१८ चा मान जुना आहे. केनर या खेळणी कंपनीने १९७८ मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी हे माप रूढ केलं आणि १९८२ मध्ये जी. आय. जो या सैनिकांच्या मालिकेने ते उचललं, कारण या मापात वाहनं आणि लष्करी तळ परवडण्याजोगे बनतात. सुपरहिरोंसाठी हॅस्ब्रोची मार्व्हल युनिव्हर्स मालिका २००९ मध्ये आली. आज नवी आवक सहा इंचांच्या मानाने फारच कमी, त्यामुळे हे स्केल घेणाऱ्याला सेकंडहँड बाजारात चिकाटीने फिरावं लागतं. आवड असेल तर मजा आहे, नसेल तर वैताग.

१:६ म्हणजे मुख्यतः हाँगकाँगच्या हॉट टॉइजचं राज्य. चेहरा नटाशी हुबेहूब, शिवलेले पोशाख, पाच-सहा जोड्या हात. पण जोर सिनेमातल्या पात्रांवर, कॉमिक्सच्या पानावरचा पोशाख हवा असेल तर पर्याय झपाट्याने कमी होतात. एका नव्या १:६ फिगरच्या पैशात साधारण दहा ते बारा साध्या सहा इंची येतात. म्हणून हे ‘पथकाचं’ स्केल नव्हे. पाच-सहा निवडक पात्रं, एवढंच ठरवून उतरणाऱ्याला ते समाधान देतं. १:४ बद्दल इतकंच: अख्ख्या संग्रहात एक, फार तर दोन.

गाड्या, खुर्च्या आणि इतर पसारा

हा भाग नवखे विसरतात आणि नंतर हळहळतात. स्केल म्हणजे फक्त फिगर नव्हे, तिच्या भोवतालचं जगही त्याच मापाचं लागतं. सुदैवाने प्रत्येक स्केलला एक शेजारी छंद आहे. मोटारींच्या धातूच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर १:१८ मध्ये बनतात. बाहुलीघराचं फर्निचर परंपरेने १:१२ असतं: टेबल, पुस्तकांचं कपाट, अगदी चहाचे कपसुद्धा. रिमोटच्या जीपगाड्या आणि त्यांचे डबे, दोर, फावडी १:१० मध्ये मिळतात. फॅशन बाहुल्यांचा सोफा १:६ ला चालून जातो, फक्त गुलाबी रंगावर काळा मारावा लागतो.

वाहनं स्वप्नात असतील तर हा हिशेब करा. पाच मीटर लांबीची गाडी १:१८ मध्ये २८ सेमी, १:१२ मध्ये ४२ सेमी, १:६ मध्ये ८३ सेमी. दुसऱ्या आकड्यालाच २८ सेमी खोल फळी आडवी गाडी मागते, आणि तिसऱ्याला गाडी जमिनीवर येते.

स्केलप्रमाणे दुखणी बदलतात

लहान फिगरचे सांधे बारीक. १:१८ चा कोपर म्हणजे काडीपेटीच्या काडीएवढ्या जाडीचा प्लास्टिकचा तुकडा, आणि रंगाने चिकटलेला असेल तर पहिल्याच वळणाला पिन तुटते. नवी फिगर खोक्यातून काढल्यावर लगेच वाकवू नका. सांधा अडला तर केस वाळवायच्या ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, किंवा ६० ते ७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवा (उकळत्या पाण्यात नको). मग एका हाताने सांध्याच्या वर आणि दुसऱ्याने सांध्यालगत खाली धरून हळूच हलवा. पंजा धरून कोपर वाकवणं म्हणजे तरफ लावून तो मोडणं. वाकडी तलवार किंवा वाकडा पायही याच युक्तीने सरळ होतो: गरम पाण्यात मऊ करायचा, सरळ धरायचा आणि तसाच थंड पाण्यात घालायचा. कापडी पोशाख आणि बॅटरीवाल्या फिगर्स मात्र पाण्यापासून लांब.

मोठ्या फिगरला वजन नडतं. उंची दुप्पट झाली की आकारमान आठपट होतं. आत पोकळी ठेवून वजन तितकं वाढू देत नाहीत, पण घोट्यावरचा भार वाढतोच. १:६ फिगर कमरेला आधार देणाऱ्या स्टँडशिवाय महिनोन्‌महिने उभी ठेवली तर हळूहळू कलते आणि एके रात्री धाडकन आवाज येतो. सहा इंचींतही घोटे सैल पडतात. एक पडली की शेजारच्या चार घेऊन पडते. तळपायाच्या भोकात बसणारा खुंटीचा स्टँड लावा, किंवा तळाला मसुराएवढी चिकटमाती. सैल गोळीसांधा सुटा होत असेल तर गोळीला पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. ओला बसवला तर सांधा कायमचा गेला.

१:६ ची खास दुखणी आणखी आहेत. नकली चामड्याचे पोशाख दमट हवेत काही वर्षांत सोलवटतात. रबरी अंगरखा घट्ट वाकवलेल्या पोझमध्ये ठेवला की कोपर-गुडघ्याला भेगा पडतात, म्हणून त्यांना सरळ उभं ठेवणंच बरं. डोळे चमकणाऱ्या आयर्न मॅनमधल्या बटण बॅटऱ्या दाखवून झालं की काढून ठेवा, नाहीतर गळून सर्किट खातात. कापडी केपचं उलट आहे: ते लहान स्केलला वाईट. धागा तोच, फिगर लहान, त्यामुळे १:१८ मध्ये केप पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो. तिथे प्लास्टिकचा केपच घ्या. ऊन सगळ्यांनाच वाईट, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

शेवटची पायरी: तीन घ्या आणि थांबा

ठरलेल्या स्केलमध्ये आधी तीनच फिगर्स घ्या: यादीतला एक उंच, एक मध्यम, एक बुटका. तिघांना त्याच फळीवर, पुठ्ठ्याच्या जागी, महिनाभर ठेवा. हाताळा, पोझ बदला. बोटं जाड असतील तर १:१८ मधल्या बंदुका आणि पंजे बसवताना कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की फिगर्स नुसत्या उभ्या राहतात.

सेकंडहँड घेताना उंचीचा आकडा मागाच. मूळ फिगरवरून साचा काढून केलेली नक्कल किंचित लहान भरते, कारण साच्यातलं प्लास्टिक थंड होताना आकसतं. १६० मिमीच्या जागी १५४ भरली, पाठीवर किंवा तळपायाखाली कंपनीचा ठसा पुसट वा गायब असला आणि डोळ्यांचा रंग जागेवरून सरकलेला असला, तर हात आखडता घ्या.

चुकीच्या स्केलच्या फिगर्स आधीच घरात असतील तर घाईने विकू नका. फोटो काढणाऱ्याला त्या उपयोगी पडतात. कॅमेऱ्यापासून ६० सेमीवर १:१२ चा हिरो उभा करा. त्याच अंतरावर, जरा बाजूला, १:१८ चा उडणारा हिरो स्टँडवर अधांतरी धरा. दोघं तितक्याच अंतरावर असूनही फोटोत लहान फिगर ९० सेमीवर असल्यासारखी दिसते, म्हणजे हिरोच्या जगात साडेतीन मीटर मागे, आणि दोघंही स्पष्ट येतात. तिचे पाय जमिनीला टेकलेले मात्र दिसू देऊ नका. टेकले की लबाडी उघडी पडते.